पाहुणचाराचे जिताडे

कांदळपाड्यात ताप परत आला, तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर लोकांवर ओरडलो. माझा स्वभावच तसा. माझी बायको मीराबाई म्हणते, तुम्हाला डास चावला तरी तुम्ही आधी शेजाऱ्याला शिव्या द्याल. ती बोलते ते खरं आहे. पण त्या दिवशी ओरडायला कारण होतं, निदान मला तसं वाटत होतं.

मी भगवान साळवे, मलेरिया खात्यातला कर्मचारी. राहायला ठाकुर्लीच्या चाळीत, ऑफिस कल्याणला. काम असं, की ठरवून दिलेल्या गावांत दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का, येऊन गेला का ते विचारायचं. असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि चार गोळ्या आपल्या डोळ्यांदेखत गिळायला लावायच्या. त्या पट्टीला आम्ही स्लाइड म्हणतो. माझ्याकडे नऊ गावं होती. आठ ठिकाणी सायकल जायची. नवव्या ठिकाणी, कांदळपाड्याला, फक्त होडी जायची, तीही भरती असेल तर. डोंबिवलीसमोर खाडीच्या पलीकडे, तिवरांच्या झाडीच्या आत, कोळ्यांची बेचाळीस घरं. तिथून डोंबिवलीच्या चार-चार मजली इमारती स्पष्ट दिसायच्या आणि पाड्यात डॉक्टर सोडा, तापाची गोळी विकणारं दुकानसुद्धा नव्हतं.

आजूबाजूचे लोक त्याला तापाचा पाडाच म्हणायचे. एक्याण्णव साली तिथं असं एक घर नव्हतं, ज्यात कुणी ना कुणी गोधडीखाली कुडकुडत नव्हतं. आम्ही तीनदा फवारणी केली. घरात सुकट टांगलेली, तिला औषधाचा वास लागेल म्हणून निम्म्या घरांनी दारं लावून घेतली. ज्यांनी उघडली, त्यांच्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी भिंती शेणानं स्वच्छ सारवून काढल्या. मी कपाळावर हात मारून घेतला, मग पाड्याच्या मधोमध उभं राहून तासभर ओरडलो. कुणावर काही परिणाम झाला नाही.

परिणाम केला तो सगुणाबाईंनी. चाळिशी उलटलेली विधवा, नवरा तापानंच गेलेला. रोज सकाळी पाटी घेऊन डोंबिवलीला मासे विकायला जायच्या. गोळ्यांचा डबा मी त्यांच्याच घरी ठेवलेला, म्हणजे मी नसताना कुणाला ताप आला तर तिथं जावं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, त्यामुळे मी त्यांना अहोजाहो करायचो आणि त्या मला सरळ अरेतुरे. पाड्यात अहोजाहो कुणालाच नव्हतं, तलाठ्यालासुद्धा.

"तुजं औषध भिंतीला नको," त्या एकदा म्हणाल्या. "डास हुतात कुठं तं सांग. तिथं मारू."

डास होत होते तळ्यात. पाड्याच्या मागच्या अंगाला गोड्या पाण्याचं मोठं तळं, सगळ्यांची धुणीभांडी, आंघोळी तिथंच. ब्याण्णवच्या पावसाळ्यात मी ठाण्याहून गप्पी मासे आणले. बोटाच्या पेराएवढे असतात, डासांच्या अळ्या खाऊन जगतात. तिथल्या खोपटच्या स्टँडवर एसटीत दुधाचा कॅन घेऊन चढलो तर कंडक्टर म्हणतो, मासे असतील तर उतरा खाली. झाकण उघडून दाखवलं, तर म्हणतो, हे मासे आहेत? कांदळपाड्यातही तेच. होडीवाला गुणाजी कॅनमध्ये डोकावून पोट धरधरून हसला.

"वाटीभर कालवण तरी होल का रं यांचा?"

"खायचे नाहीत ते," मी खेकसलो. "पाळायचे आहेत."

कोळ्यांना मासे पाळा म्हणून सांगणारा मी पहिलाच माणूस असेन. पण सगुणाबाईंनी ते मनावर घेतलं. तळ्यात जाळी धुवायची नाहीत, पोरांनी गप्पी पकडायचे नाहीत, काठाचं शेवाळ दर सोमवारी पाळीपाळीनं चार घरांनी काढायचं. जो चुकेल त्याच्या दारात उभ्या राहून त्या अशा बोलायच्या, की मी त्यांच्यापुढे अगदीच मवाळ. वर्षभरात ताप निम्म्यावर आला. त्र्याण्णवच्या शेवटापासून पुढे पाड्यातली एकही स्लाइड पॉझिटिव्ह आली नाही. एकही नाही! साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मी चार दिवस कुणावर ओरडलो नाही, असं मीराबाई सांगते.

आणि मग मी तेच केलं, जे सुखावलेला माणूस करतो. दर फेरीला तळ्यावर जाऊन डावानं पाणी काढून अळ्या बघायच्या, हे माझं काम. ते मी सोडून दिलं. तळं ठीक आहे ना, असं गुणाजीला होडीतच विचारायचो. तो म्हणायचा, तळ्याला काय झालंय? की झालं. वहीत टिक.

चौऱ्याण्णवच्या श्रावणात, नारळी पौर्णिमा झाल्यावर, पाड्यानं मला जेवायला बोलावलं. सगुणाबाईंच्या ओट्यावर पान मांडलेलं. ताटात जिताडा होता. खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो, जिताडा म्हणजे खाडीतला मोठा मासा, या लोकांच्या पाहुणचाराची सगळ्यात वरची पायरी. जावई आला, व्याही आला, मोठा साहेब आला तर जिताडा. मी सरकारी नोकरीतला सगळ्यात खालचा माणूस, मला कोण जिताडा वाढतंय? आमच्या बापजाद्यांना तर गावात ओट्यावरसुद्धा बसू देत नव्हते. मी दोनदा वाढून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं आलं असं सांगितलं. जाताना गुणाजीनं एक अख्खा मासा केळीच्या पानात बांधून घरी न्यायला दिला.

कुठून आणला, ते मी विचारलं नाही. कोळ्याच्या घरचा मासा खाडीतून येतो, त्यात विचारायचं काय?

जेवताना सगुणाबाई म्हणाल्या, "दादा, एक काम कर. वासंतीचे सासूला जाऊन सांग."

वासंती त्यांची एकुलती मुलगी. कळव्याजवळच्या एका वाडीत परशुराम नावाच्या मुलाला दिलेली, तीही कोळ्यांचीच वाडी. तिला सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण सासू सरस्वतीबाई अडून बसलेल्या. तापाच्या पाड्यात मी माझी सून पाठवणार नाही, म्हणत होत्या.

मी दुसऱ्या रविवारी कळव्याला गेलो. भरल्या पोटानं गेलो आणि भरल्या तोंडानं बोललो. "बिनधास्त पाठवा. एक स्लाइड पॉझिटिव्ह नाही. मी स्वतः बघतो. मी जबाबदार." सरस्वतीबाईंनी शेवटी मान हलवली. आठवडाभरात वासंती पाड्यात आली.

भाद्रपदात तापाची पहिली केस आली. मी म्हटलं, कुठूनतरी बाहेरून आणला असेल. पुढच्या फेरीला सात. दसऱ्यानंतरच्या फेरीला मी होडीतून उतरलो आणि पहिल्या दहा घरांत अकरा माणसं झोपलेली. पिशवी गुणाजीच्या अंगावर टाकली आणि तडक तळ्यावर गेलो. डाव बुडवून वर काढला. पाणी वळवळत होतं. दुसरीकडून काढलं, तिसरीकडून काढलं. अळ्याच अळ्या, आणि गप्पी एकसुद्धा नाही. काठाकाठानं सगळं तळं फिरलो. एक नाही.

मग मी ओरडलो. बायका भांडी टाकून गोळा झाल्या, बरे होते ते पुरुष आले. "कुणी औषध घातलं? कुणी जाळी धुतली? दोन वर्षं मी मरमर मरतोय तुमच्यासाठी, आणि तुम्हाला चार बोटांएवढी अक्कल ठेवता येत नाही? कोण तो हरामखोर, पुढे या!" अजून बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. सगळे खाली बघत होते. त्या गप्प बसण्यानं माझं डोकं आणखीच फिरलं.

सगुणाबाई गर्दीतून पुढे आल्या. नेहमीचा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"दादा, नको ओरडू. तलेत जिताडे हायत."

"काय?"

"गेले सालचे आखाडात खाडीतना बारकी पिल्लं आनून सोरली. आमी लोकं परत्येक साली नाय सोरत. कुनाचा मान करायचा असल तवाच. तुजेसाठी सोरले. तू आमचा ताप घालवाय लागलास, तुला काय देनार आमी? ते तुजे गप्पी खातात ते आमाला काय माहीत? आमाला वाटलं, बारकं मावरं हाय, मोठं मावरं हाय, तलं मोठं हाय, ऱ्हातील दोगं."

मोठा मासा लहान माशाला खातो, हे जगात सगळ्यात आधी कुणाला कळत असेल तर कोळ्याला. आणि त्यांनाच ते सुचलं नव्हतं, कारण गप्पी त्यांच्या लेखी मासेच नव्हते. ते सरकारी औषध होतं, कॅनमधून आलेलं. औषधाला कोण खातं? आणि मी? वर्षभरात एकदा जरी पाण्यात डाव बुडवला असता, तरी कळलं असतं. मी बुडवला नाही. उलट ताट पुढे केलं.

माझा राग असा जागच्या जागी कधी मेला नव्हता. शिव्या द्यायला समोर कुणी उरलंच नाही.

"सगळे काढा," एवढं मी बोललो. "आजच जाळी टाका. एक जिताडा शिल्लक ठेवू नका."

गुणाजीनं मान हलवली. लोक पांगले, सगुणाबाई तिथंच उभ्या राहिल्या.

"अजून एक हाय," त्या म्हणाल्या. "वासंतीला ताप हाय."

"कधीपासून?"

"तीन दिस झाले. गोल्या दिल्या, ओकून टाकल्यान. परत दिल्या."

"तीन दिवस! आणि मला आत्ता सांगताय? निरोप का नाही धाडला?"

"तू ओरडशील म्हनून," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मला आजही उभ्याउभ्या आठवतं आणि मी मान झटकतो, कुणी बघत असलं तरी. तीन दिवस मी पलीकडे ठाकुर्लीत होतो, होडीनं आणि पायी मिळून दीड तासावर. तीन दिवस त्या बाईनं तापलेल्या मुलीच्या उशाशी बसून माझ्या तोंडाची भीती बाळगली.

वासंती आतल्या खोलीत होती. आठवा महिना. ओठ सुकलेले, डोळ्यांत पिवळट झाक. मी बोट टोचलं, तिनं हात मागे घेतला नाही. "बाळ हलतंय का गं?" विचारलं. "हलतंय. काल लय हलत होतं," ती म्हणाली.

नेहमीच्या रिवाजानं स्लाइडचा निकाल यायला आठ-दहा दिवस लागायचे. स्लाइड पेटीत, पेटी ऑफिसात, ऑफिसातून प्रयोगशाळेत, तिथं आधीच शेकडो पडलेल्या. मी ती एक स्लाइड रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि निघालो. गुणाजी होडी वल्हवत होता आणि मला ती जागची हलत नाही असं वाटत होतं. पलीकडे उतरून रिक्षा, कल्याण, जिना. प्रयोगशाळेतला विठ्ठल पाटील सूक्ष्मदर्शकावर वाकलेला. त्याच्या टेबलाशी स्लाइड ठेवली.

"साळवे, नंबर लागेल तेव्हा बघू."

"आत्ता बघ."

"समोर बघ किती पडल्यात. सगळ्यांच्याच घाईच्या असतात."

मला ओरडायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण सगुणाबाईंचं ते वाक्य कानात होतं. मी म्हटलं, "विठ्ठल, पोट आठ महिन्यांचं आहे. माझ्या शब्दावर आलेली मुलगी आहे. बघ ना रे." आवाज असा निघाला की मलाच ओळखू आला नाही. त्यानं चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि स्लाइड रंगवायला घेतली.

ती वाळेपर्यंत मी व्हरांड्यात येरझारा घातल्या. एका टोकाला खिडकी, एका टोकाला पाण्याचा माठ. किती फेऱ्या झाल्या ते माहीत नाही, पण शेवटी शिपाई म्हणाला, साहेब, बसा की जरा, मला चक्कर येतेय. विठ्ठलनं आतून हाक मारली. "वाईट ताप आहे," तो म्हणाला. "डोक्यात जाणारा. रक्तात नुसता खच आहे. आजच्या आज दवाखान्यात हलव. उद्यावर टाकू नकोस."

मी परत काठावर आलो तेव्हा ओहोटी लागलेली. गुणाजीनं मला कसंबसं पलीकडे नेलं, पण पाड्याच्या नाळेत, म्हणजे खाडीतून आत येणाऱ्या अरुंद फाट्यात, पाणीच उरलं नव्हतं. मुख्य खाडीपासून पाड्यापर्यंत नुसता चिखल. भरती यायला चार तास. मी गुडघाभर चिखलातून चालत गेलो. तळ्याच्या काठावर जिताडे काढून टाकलेले, एकेक दीड-दीड किलोचा, चांदीसारखा. कुणी त्यांना हात लावला नव्हता. कोळीवाड्यात मासा टाकून दिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"चार तास थांबायचं नाही," मी सगुणाबाईंना म्हटलं.

त्या घराबाहेर आल्या आणि त्यांचा आवाज परत आला. "उठा रं! होरी चिखलातना ओढायची हाय!" सहा-सात माणसं बाहेर पडली. त्यातल्या तिघांना ताप होता, मीच सकाळी त्यांची बोटं टोचली होती. वासंतीला गोधडीत घालून लहान होडीत निजवलं. पुढे दोर, मागून खांदे. होडी चिखलावरून हातभर सरकायची आणि रुतायची. मीही खांदा लावला. एका तापकऱ्यानं मध्येच वाकून ओकारी काढली, तोंड पुसलं, परत दोर धरला. वासंती कण्हत होती, आणि तिचं कण्हणं थांबलं की मला जास्त भीती वाटायची. पाण्यापर्यंत पोचायला सव्वा तास लागला.

दवाखान्यात क्विनाइनची सलाईन लावली. दोन दिवस मी घरी गेलो नाही. व्हरांड्यात, गेटवर, परत व्हरांड्यात. परशुराम भिंतीशी बसून होता, त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी वासंतीचा ताप उतरला. त्याच संध्याकाळी तिचं पोट दुखायला लागलं आणि मुलगी झाली. मेलेलीच झाली. डॉक्टर म्हणाले, आई वाचली हेच खूप समजा. मी खूप समजायचा प्रयत्न केला. जमलं नाही. व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन लहान पोरासारखा रडलो.

सरस्वतीबाई आतून बाहेर आल्या. त्या माझ्याकडेच येत होत्या. मी डोळे पुसले आणि उभा राहिलो. या बाईसमोर मी छातीवर हात ठेवून बोललो होतो. आता त्या मला मारतील, निदान दवाखाना दणाणून सोडतील, असं वाटलं, आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं. आयुष्यभर मी लोकांवर ओरडलो, आता कुणीतरी माझ्यावर ओरडावं.

"माझी चूक आहे," मी आधीच बोलून टाकलं. "तळं बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

"सगुनेनं सांगितलान समदा," त्या म्हणाल्या. "जिताड्याचा पन सांगितलान."

मी मान खाली घातली. त्या ओरडल्या नाहीत. माझ्या शेजारी बाकावर टेकल्या. लुगड्याचा पदर हातात घट्ट धरलेला.

"आमचे वाडीत पन तलं हाय," त्या म्हणाल्या. "औंदा आखाडात मी माजे हातानं जिताडे सोरले. बारशाला पाड्याची सगली मान्सं येतील, त्याना वाढायला. वाटलं, त्याना मोठं हुयाला चार-पाच म्हैने मिलतील, कमी परलं तं बाकी बाजारातना घेव." त्यांनी पदर सोडला आणि माझ्याकडे बघितलं. "आमचेकडं चार पोरांना ताप हाय. ते जिताडे आमी काढतो. तुजे ते बारके मासं तू कवा आनशील?"

उद्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. या बाईला मी एकदा शब्द देऊन बसलो होतो. दुसरा द्यायचा कसा? व्हरांड्याच्या दाराशी माझी सुईची पिशवी पडलेली होती, तिला अजून पाड्याचा चिखल लागलेला. ती मी उचलली.

"मासे उद्या ठाण्याहून आणावे लागतील," मी म्हटलं. "पोरांची बोटं आत्ता टोचतो. चला."

त्या उठल्या, आत जाऊन वासंतीच्या डोक्यावरून हात फिरवून आल्या, आणि आम्ही निघालो.